पायी चालणाऱ्यांचे शहर कोणाचे?

घर, काम, शाळा, दवाखाना आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर असावेत, अशा आटोपशीर शहराची चर्चा आज नगररचनाकार करतात. कल्पना चांगली आहे. आपल्याला मात्र ती नवी नाही. बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय तिथेच परळला, दामोदर हॉलमध्ये होते. भोवती गिरण्या आणि कामगारांच्या चाळी. पाळी संपवून कामगार पायीच सभेला येऊ शकत होता. चळवळ वाढली ती या जवळिकीतून.

मग असे शहर उभे राहण्यात अडथळा कसला? तंत्रज्ञानाचा नाही. अडथळा जमिनीच्या किमतीचा आणि 'मोक्याच्या जागी ही माणसे कशाला?' या जातीय मानसिकतेचा आहे.

धारावी पाहा. राहते घर, चामड्याचे कारखाने, कुंभारवाडा, शाळा, माहीम-सायन स्टेशन, सगळे पायी गाठता येते. पुनर्विकासात मात्र जे 'अपात्र' ठरतील, त्यांची घरे धारावीबाहेर. पात्र-अपात्रतेची ही रेघ म्हणजे नवे गावकूसच! माहुलला काय झाले? तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडून माणसे रिफायनऱ्यांशेजारी नेऊन टाकली. शेवटी २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की त्यांना सुरक्षित घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडे द्या.

दुसरीकडे हजारो कोटींच्या सागरी किनारा मार्गावर दुचाकीलाही बंदी आहे. पैसा मोटारवाल्यांच्या वेगासाठी, चालणाऱ्याला तुटका फुटपाथ!

उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली फुटपाथवासीयांच्याच खटल्यात मान्य केले. पण त्याच निकालाने त्यांना हटवण्याची मुभाही दिली. म्हणजे कोर्टावर विसंबून भागणार नाही, रस्त्यावरचा रेटा हवा.

मागण्या स्पष्ट असाव्यात. पुनर्वसन आहे त्याच ठिकाणी, अपात्रांसह. हवा-उजेड नसलेले खेटून उभे मनोरे नकोत. तो कोंडवाडा झाला, आटोपशीर शहर नव्हे. उड्डाणपुलाआधी फुटपाथ आणि बस. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याप्रमाणे जागा.

मित्रांनो, वस्ती विखुरली की कामच नव्हे, संघटनही तुटते. आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा मागवा, वाचा, मुदतीत हरकती नोंदवा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे नकाशालाही लागू आहे.

जय भीम!