शेजारपाजार : एस्पोझितो आडनावाची गोष्ट



आपल्या मंडळात नवीन कुटुंब आले की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "आडनाव काय?" आणि दुसरा, "म्हणजे मूळचे कुठले?" शेवटी 'कर' असला की गाव कळते, कुलकर्णी-देशपांडे म्हटले की वतन कळते, आणि मग कुणाच्या तरी आत्याचे सासर त्याच गावचे निघते. आम्ही दोघेही यात कुणाच्या मागे नाही. गेल्या गणपतीत हीच सवय आम्ही शेजारच्या आजींवर चालवली. त्याची ही हकीकत.

आजींनी ऐंशी कधीच ओलांडली. त्यांचे आजोबा-आजी नेपल्सहून बोटीने इकडे आले. ऑगस्टमध्ये कुंपणावरून त्यांचे टोमॅटो आमच्याकडे येतात, आमच्या चकल्या तिकडे जातात. आरती झाल्यावर मोदक खाताना त्यांनीच विचारले की तुमच्या आडनावाचा अर्थ काय? आम्ही पेशवाईपासून सुरुवात करून चांगली वीस मिनिटे घेतली. मग विचारले, "आणि तुमचे माहेरचे?"

"एस्पोझितो," आजी म्हणाल्या. "त्याचा अर्थ, बाहेर ठेवलेले मूल."

आमच्या हातातला मोदक तसाच राहिला.

लॅटिनमध्ये 'एक्स्पोझितुस' म्हणजे बाहेर, उघड्यावर ठेवलेला. ज्या बाळाला वाढवणे आईला शक्य नव्हते, ते चर्चच्या किंवा अनाथालयाच्या दारी ठेवले जाई. नेपल्समध्ये 'अनुंझियाता' या मोठ्या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक लाकडी चाक बसवलेले होते. उभे फिरणारे पिंपच म्हणा ना. रस्त्याच्या बाजूने त्यात बाळ ठेवायचे आणि घंटा वाजवायची. आतून चाक फिरवून बाळाला घेतले जाई. आणणाऱ्याचे तोंड कुणाला दिसत नसे. आत वहीत नोंद होई आणि बाळाला नाव मिळे. आडनाव मात्र कित्येकांचे एकच, एस्पोझितो. हे चाक १८७५ साली बंद झाले, पण आजही ते तिथे पाहायला मिळते.

गावोगावी अशी आडनावे निघाली. फ्लॉरेन्सचे 'इनोचेंती' म्हणजे निष्पापांचे अनाथालय १४४५ साली उघडले. तिथले पहिले बाळ ५ फेब्रुवारीला आले. तो संत आगाथाचा दिवस, म्हणून मुलीचे नाव आगाता ठेवले. तिथल्या मुलांपासून इनोचेंती, देल्यिनोचेंती ही आडनावे चालू झाली. रोमकडे अशा मुलांना प्रोयेत्ती म्हणत, म्हणजे टाकलेले. मिलानच्या मोठ्या इस्पितळाचे चिन्ह कबुतर होते, म्हणून तिथली मुले कोलोंबो झाली. (प्रत्येक कोलोंबो मात्र असा नव्हे. जिनोव्हाच्या आपल्या त्या प्रसिद्ध दर्यावर्दीचा याच्याशी संबंध नाही.)

फ्लॉरेन्सच्या त्या इमारतीवर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांच्या निळ्या-पांढऱ्या मूर्ती आहेत. आपल्या मंडळातल्या बालरोगतज्ज्ञांना त्या ओळखीच्या वाटतील. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडिअॅट्रिक्सच्या बोधचिन्हातले बाळ तिथूनच आले आहे! आत संग्रहालयात छोट्या खणांमध्ये अर्धी तोडलेली पदके जपून ठेवली आहेत. अर्धे पदक बाळाच्या अंगावर बांधायचे, अर्धे आईने जवळ ठेवायचे. पुढे दिवस बरे आले तर दोन तुकडे जुळवून "हे माझे" म्हणता यावे, एवढ्यासाठी.

एकोणिसाव्या शतकात इटलीत, जन्माची जाहिरात करणारी अशी आडनावे नव्याने द्यायला बंदी झाली. तोपर्यंत एस्पोझितोंची मुले-नातवंडे एवढी झाली होती की आज नेपल्समध्ये हेच आडनाव सर्वांत जास्त आढळते. राणी मार्गेरितासाठी १८८९ साली पिझ्झा केला असे ज्याच्याबद्दल सांगतात, तो रफाएले एस्पोझितोच. आईस हॉकीतले फिल आणि टोनी हे भाऊही एस्पोझितो. फिल हा १९६८-६९ च्या मोसमात शंभर गुणांचा पल्ला ओलांडणारा एन. एच. एल. मधला पहिला खेळाडू. इटलीत या नावात जोर 'पो'वर देतात, अमेरिकेत तो 'झी'वर सरकला.

"आमचे वडील सांगायचे," आजी म्हणाल्या, "की आपले पूर्वज प्रदर्शनात वस्तू मांडत, म्हणून हे नाव." पन्नाशीत त्या बहिणीबरोबर नेपल्सला गेल्या तेव्हा खरा अर्थ कळला. बहीण हॉटेलवर येऊन रडली. आजी दुसऱ्या दिवशी एकट्या पुन्हा ते चाक पाहायला गेल्या. "मी बराच वेळ तिथे उभी होते," त्या म्हणाल्या. "मला वाटले, कुणीतरी त्या बाळाला इथपर्यंत उचलून आणले. घंटा वाजवली. वाजवली नसती तर मी नसते."

आपल्याकडेही हे नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे आणि वाटल्यास मूल ठेवून जावे. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला आणि त्याला स्वतःचे आडनाव दिले. तोच डॉक्टर यशवंत फुले. पुढे नेपल्सचे चाक बंद झाले त्याच १८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असेच गृह सुरू केले.

आता खरे कारण सांगतो, हे सगळे लिहायला का बसलो. आपल्या मंडळात एका जोडप्याने महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून मुलगी दत्तक आणली आहे. गेल्या दिवाळीच्या पॉटलकला आम्हीच, कौतुकाने म्हणा की सवयीने, तिच्या आईला विचारले, "आडनाव तुमचे झाले हो, पण मुलगी मूळची कुठली?" मुलगी शेजारीच पुरी खात होती. आई काही बोलली नाही, पाणी आणायला उठली. मुलीने आमच्याकडे पाहिले आणि पुरी ताटात ठेवली. तेव्हा आम्ही विषय बदलून मोकळे झालो. आजींची गोष्ट ऐकल्यापासून ती अर्धी पुरी डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या घरी आम्ही जाऊन आलो, माफी मागून आलो. चहा मिळाला. मुलीने तिची चित्रांची वही दाखवली, पानोपानी नाव घोटून लिहिलेले, आडनावासकट. त्यांच्या परवानगीनेच हे छापत आहोत.

तेव्हा मंडळी, संक्रांतीच्या कार्यक्रमाला नवीन कुटुंबे येणार आहेत. दाराशी स्वागताला आम्ही दोघे आहोत. आडनाव विचारू, बिल्ल्यावर लिहायला लागतेच. दुसरा प्रश्न या वेळी "तिळगूळ घेतला का?" एवढाच.

आपल्या शेजाऱ्यांच्या आडनावांच्या गोष्टी जरूर कळवा. मात्र आधी त्यांना विचारून!