दिएगो गार्सिया : सार्वभौमत्व कुणाचे, धावपट्टी कुणाची?

कन्याकुमारीच्या दक्षिणेस सुमारे १,८०० किलोमीटरवर हिंदी महासागरात दिएगो गार्सिया हे प्रवाळबेट आहे. त्याचा आकार पावलासारखा असल्यामुळे अमेरिकन सैन्यात ते ‘स्वातंत्र्याचे पाऊल’ म्हणून ओळखले जाते. हे पाऊल कुणाच्या छातीवर रोवले गेले, हे मात्र त्या नावातून कळत नाही.

मॉरिशस ही ब्रिटिश वसाहत असतानाच, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह तिच्यापासून तोडला आणि ३० लाख पौंड मॉरिशसच्या हातावर ठेवले. पुढल्याच वर्षी ही बेटे ५० वर्षांसाठी अमेरिकेच्या लष्करी वापरास देण्यात आली. भाडे असे ठरले नाही. मात्र पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली आणि ती गुप्त ठेवण्यात आली.

त्या बेटांवर माणसे राहत होती. मादागास्कर व मोझांबिकमधून आणलेल्या गुलामांचे आणि काही भारतीय मजुरांचे हे वंशज नारळाच्या बागांत खोबरे काढून जगत असत. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना कागदोपत्री ‘कंत्राटी मजूर’ ठरविले, म्हणजे बेटांवर कायम वस्ती नाही असे जगाला सांगता येईल! १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार चागोसवासीयांना मॉरिशस व सेशेल्सच्या किनाऱ्यांवर नेऊन टाकले. १९७१ साली त्यांची पाळीव कुत्रीही विषारी वायूने मारण्यात आली.

हे केवळ संदेशवहन केंद्र असेल, असे आरंभी सांगण्यात आले होते. लवकरच तेथील धावपट्टी १२,००० फुटांपर्यंत वाढली. तळाच्या समर्थनार्थ तेव्हा सोव्हिएत नौदलाचा बागुलबुवा उभा केला जाई. १९९१ साली सोव्हिएत संघच उरला नाही. तळ मात्र राहिला. त्याच वर्षी तेथून उडालेल्या बी-५२ विमानांनी इराकवर बॉम्बवर्षाव केला. पुढे २००१ साली अफगाणिस्तानवर आणि २००३ साली पुन्हा इराकवर. बंदिवानांना गुप्तपणे हलविणारी दोन अमेरिकन विमाने २००२ साली येथे उतरली होती, याची कबुली ब्रिटनला २००८ मध्ये द्यावी लागली. आज चीनचे कारण पुढे केले जाते. कारणे बदलतात, तळ बदलत नाही. कारण तो कुणाच्या भीतीपोटी नव्हे, तर महासागरावरील हुकमतीसाठी उभारलेला आहे.

चागोसचे विभाजन बेकायदेशीर होते, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी १३ विरुद्ध १ अशा बहुमताने दिले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसची बाजू घेतली. त्यांत भारतही होता. हा वसाहतींतून मुक्त झालेल्या राष्ट्रांचा निःसंशय विजय होय. पण २२ मे २०२५ च्या ब्रिटन-मॉरिशस करारात काय ठरले? सार्वभौमत्व मॉरिशसचे, आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे, म्हणजेच पर्यायाने अमेरिकन तळाकडे. मोबदला वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. इतर बेटांवर वसाहत करता येईल, दिएगो गार्सियावर नाही. ज्यांची घरे होती, त्या चागोसवासीयांना वाटाघाटींच्या मेजावर स्थानच नव्हते.

भारत सरकारने या कराराचे स्वागत केले. हिंदी महासागर हा शांततेचा प्रदेश असावा, अशी घोषणा आमसभेने १९७१ साली केली होती आणि त्या दशकात भारत या तळाच्या विस्ताराला उघड विरोध करीत असे. हा विरोध आज का मावळला, हा प्रश्न सरकारला विचारलाच पाहिजे. सार्वभौमत्वाची मान्यता स्वागतार्ह आहे; पण बेटवासी आपल्या घरी परतत नाहीत आणि धावपट्टीवरून बॉम्बफेकी विमाने उडणे थांबत नाही, तोवर वसाहतवादाचा शेवट झाला असे कुणी म्हणू नये.