आधी वर्ग, मग परीक्षा

"ज्या देशात राहायचं, तिथली भाषा यायलाच हवी." नागरिकत्वाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. मलाही ते पटतं. पण अट घालणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, ती आपण सोयीस्करपणे विसरतो. जर्मनीचंच बघा.

१९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. इटलीशी तर १९५५ मध्येच करार झाला होता. खाणींना, कारखान्यांना माणसं हवी होती. या लोकांना नावच दिलं 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हणजे आज ना उद्या परत जाणारा, मग त्याला भाषा कशाला शिकवा? हुकूम समजण्यापुरतं जर्मन आलं की मालकाचं भागत होतं.

१९७३ मध्ये भरती थांबली, पण लाखो लोक तिथेच राहिले. बायकामुलं आली, नातवंडं झाली. सरकारने देशभर भाषेचे रीतसर वर्ग सुरू केले ते कधी? थेट २००५ मध्ये! तोवर त्या पहिल्या पिढीतले कित्येक जण निवृत्तही झाले होते.

आता नियम असा, की नागरिकत्वासाठी बी-१ पातळीचं जर्मन हवं. म्हणजे रोजचं बोलणं तर जमायला हवंच, साधं पत्रही लिहिता यायला हवं. वर ३३ प्रश्नांची चाचणी, त्यातले किमान १७ बरोबर. पुण्याहून गेलेल्या इंजिनिअरला हे जमतं. त्याला अभ्यासाची सवय असते, क्लासची फी परवडते. पण आयुष्यभर कारखान्यात राबलेल्या पंचाहत्तरीच्या आजीला आता पत्रलेखनाला बसवायचं?

२७ जून २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेने ही चूक थोडी दुरुस्त केली. ३० जून १९७४ पर्यंत पश्चिम जर्मनीत आलेल्या या कामगारांना आता ती चाचणी नाही, लेखी परीक्षा नाही. रोजच्या व्यवहारापुरतं बोलता आलं की पुरे. याला कुणी सवलत म्हणेल. मी म्हणेन, जुनी थकबाकी फेडली, तीही पन्नास वर्षांनी.

मग काय, भाषेची अटच नको? हवी ना! भाषा येत नसेल तर डॉक्टरकडे पोराला दुभाष्या म्हणून न्यावं लागतं. मालकाने पगार बुडवला तरी तक्रार करता येत नाही. भाषा हे नवख्या माणसाचं संरक्षण आहे. म्हणून तर ती आल्या दिवसापासून, परवडेल अशी, कामाच्या वेळा सांभाळून शिकवली पाहिजे. परीक्षा त्यानंतर.

आता आपल्याकडे या. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही भाषेची अट आहे. देशीयकरणाने नागरिक व्हायचं तर आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी एका भाषेचं पुरेसं ज्ञान हवं. त्यात मराठीही आली! म्हणजे बाकीच्या अटी पूर्ण असतील तर एखादा परदेशी माणूस मराठीच्या जोरावर भारतीय होऊ शकतो.

प्रश्न एवढाच, की तो अडखळत मराठी बोलायला लागला तर आपण त्याला मराठीत उत्तर देणार, की दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर येणार?