गाळणी आली, गाळ कुणाच्या वाट्याला?

विषाला जात नसते. विषावरच्या उताऱ्याला असते.

पश्चिम बंगालात नदिया, चोवीस परगणा या भागांत जमिनीखालच्या थरांतच आर्सेनिक आहे. तळ्याच्या पाण्यानं हगवण, पटकी होते म्हणून १९७० नंतर जागोजागी हापसे ठोकले. पाणी चकचकीत. ना वास, ना चव. अंगावर काळे ठिपके, तळहाता-तळपायांना घट्टे घेऊन माणसं दवाखान्यात यायला लागली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. क्षितीशचंद्र साहांनी १९८३ मध्ये ओळखलं की मूळ हापशात आहे. पुढं कॅन्सर. उकळून हे विष जात नाय. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं.

याच जिल्ह्यांत फाळणीनं हाकललेले नमशूद्र वसले. त्याच समाजाच्या जोगेंद्रनाथ मंडलांनी आणि साथीदारांनी १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीत पाठवलं. तेव्हा हे दुखणं परक्याचं नाय.

उतारा आहे. लोखंडाच्या गंजासारखा पदार्थ आर्सेनिकला अंगावर धरून ठेवतो. पण त्याची बारीक पूड पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून ती कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेल्या कायटोसानमध्ये बसवून दाणे करतात. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटानं असा संमिश्र माल बनवला. शास्त्र खणखणीत आहे. त्याला सलाम.

पण दाण्यावरच्या जागा मोजक्या. पाण्यातलं फॉस्फेटही त्याच जागा अडवतं. जागा भरल्या की विष सरळ पेल्यात. मग दाणे बदलायचे. कोण बदलणार? बारुईपूरला ११ कंपन्यांची आर्सेनिक काढायची यंत्रं बसवली. दोन वर्षांच्या पाहणीचा निकाल २००५ मध्ये छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. ती सतत पाळणारं एकही यंत्र नव्हतं! फीत कापायला साहेब येतो. दाणे बदलायला कुणी येत नाय.

आणि थकलेला दाणा? त्यात विष साठलेलं. तो उघड्या हातानं उपसायला, पोत्यात भरायला, गावाबाहेर टाकायला कुणाला बोलावतील? गटारात कुणाला उतरवतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला उत्तर सांगावं लागत नाही. आम्ही गोदीत काम करतो. तिथं विषारी मालाच्या पिंपावर कवटी छापलेली असते, हमाल सावध होतो. विषारी हापशालाही लाल रंग देतात. थकलेल्या गाळणीवर मात्र ना कवटी, ना रंग.

१९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्याला हात लावायचा हक्क बजावला. आता ओंजळीत काय आहे हे कळण्याचा हक्क पायजे. प्रत्येक गाळणीवर तपासणीची तारीख आणि आकडा, तिथल्या माणसाच्या भाषेत, मोठ्या अक्षरात. दाणे बदलणारा पगारी, हातमोजे घातलेला. थकलेला माल कंपनीनं मोजून परत न्यायचा.

एवढं नसेल, तर ती गाळणी नाही. विष पाण्यातून काढून आपल्याच माणसाच्या हातावर ठेवायची ती सोय आहे.