तास नव्हे, कसब मोजा

भोपाळच्या बिट्टन मार्केट परिसरातला मुलगा वैमानिक व्हायला गोंदियाच्या बिरसीला जावो किंवा परदेशी, व्यावसायिक परवान्यासाठी त्याला 200 तासांचे उड्डाण दाखवावे लागते. पण 22 मे 2010 रोजी मंगळूरच्या विमान अपघातात 158 जीव गेले, तेव्हा कॅप्टनच्या गाठी दहा हजारांहून अधिक तास होते! सहवैमानिकाने वारंवार सांगूनही त्याने उतरणे सोडले नाही. निर्णय, संवाद, वरिष्ठाला रोखण्याचे धैर्य हे लॉगबुकात दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2006 मध्येच क्षमताधारित बहुवैमानिक परवान्याला मान्यता दिली. विमान वाहतूक महासंचालनालयाने आता प्रत्येक प्रशिक्षणसंस्थेत अशी क्षमताधारित कसोटी सक्तीची करावी. त्यासाठी सिम्युलेटर आणि अनुभवी प्रशिक्षकांवर खर्च करावाच लागेल.