विश्लेषण : भाताचे मूळ खोल जाणार की उथळ राहणार, हे कोण ठरवते?

भात पोटरीत असताना पावसाने ओढ दिली की पीक करपू लागते. अनेकदा जमिनीत थोडे खाली ओल शिल्लक असते, पण मुळे तिथपर्यंत पोहोचलेली नसतात. मुळांची ही दिशा ठरवण्यात जनुके आणि संप्रेरकांचा मोठा वाटा असतो.

मूळ खाली कसे वळते?

मुळाच्या टोकावरील पेशींत पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवे झाले की ते तळाशी बसतात आणि ऑक्झिन हे संप्रेरक मुळाच्या खालच्या बाजूला जास्त जमते. मुळात जास्त ऑक्झिन वाढ रोखते. त्यामुळे वरची बाजू अधिक लांबते आणि मूळ खाली वळते.

एका अक्षराने काय बिघडले?

‘डीआरओ १’ हे जनुक मुळाच्या टोकाजवळील पेशींच्या लांबण्याशी निगडित आहे. ऑक्झिन त्याला आवर घालते. जपानचे युसाकू उगा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये त्याचे काम मांडले. भारतातही मोठ्या क्षेत्रावर लावल्या गेलेल्या ‘आयआर ६४’ वाणात या जनुकातील डीएनएचे एकच अक्षर गळाले आहे. परिणामी प्रथिन अर्धवट तयार होते आणि मुळे उथळ पसरतात. फिलिपिन्समधील ‘किनांदांग पातोंग’ या वरकस भातात जनुक शाबूत आहे. संकरातून ते आयआर ६४ मध्ये आणल्यावर मुळे खोल गेली. तीव्र दुष्काळाच्या चाचणीत आयआर ६४ मध्ये जवळपास दाणेच भरले नाहीत. खोल मुळांच्या रोपांनी मात्र उत्पादन दिले.

मग खोल मूळच चांगले?

तसे नाही. खारट खाचरात चिखलातील प्राणवायू कमी पडतो आणि खोल मुळे गुदमरतात. याच कुळातील ‘क्यूएसओआर १’ जनुकाच्या बदललेल्या रूपामुळे मुळे पृष्ठभागालगत वाढतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा रोपांनी खारट खाचरात जास्त उत्पादन दिले.

घट्ट जमिनीत मूळ का थांबते?

केवळ माती कठीण असल्यामुळे नाही. मुळातून इथिलिन वायू बाहेर पडतो. भुसभुशीत मातीत तो निघून जातो. यंत्रांच्या वजनाने दाबलेल्या मातीत पोकळ्या मिटतात आणि तो मुळाभोवती साचतो. हाच मुळाला थांबण्याचा इशारा ठरतो. २०२१ मध्ये ‘सायन्स’मधील अभ्यासात इथिलिनला दाद न देणारी भातरोपे घट्ट मातीतही खाली गेली.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय?

खाली ओलच नसेल, तर खोल मुळाचा उपयोग नाही. रायगडच्या खारजमिनीला आणि गडचिरोलीतील पावसावरच्या भाताला एकच मूळ मानवणार नाही. वाणाची शिफारस करताना आजवर उत्पादन, पक्वतेचे दिवस आणि रोगप्रतिकार यांवर भर राहिला. पावसाचे खंड वाढत असताना मुळाची ठेवणही त्या यादीत यायला हवी.