कायदा फक्त मुलांना दाखवू नका, कलम २० पण वाचा

मंडळी, आपल्या प्रत्येक ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो मेसेज फिरतो. आजकालच्या मुलांना आईबाप नकोसे झालेत, वृद्धाश्रम भरलेत, संस्कार संपले वगैरे. खाली शंभर हात जोडलेले. मग एखादे पुढारी भाषणात सांगतात, आईबापांना सांभाळलं नाही तर कायदा आहे, तुरुंगात जाल!

कायदा आहे, खरंय. २००७ चा, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा. प्रांतांकडे अर्ज करता येतो, मुलाकडून दरमहा पैसे मिळवता येतात, आईबापांना वाऱ्यावर सोडलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लातूर जिल्हा परिषदेने तर आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायला घेतले होते. चांगलं केलं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. जो मुलगा सांभाळतोय, जी सून रात्री दोन वाजता उठून सासूचे पाय चोळतेय, त्यांचं काय? ते म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार कुठे?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही वाडीत जा. ज्या बायकांनी चाळीस-पन्नास पावसाळे वाकून भात लावला, त्यांची कंबर गेलीय. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरलेल्या कोळणींची मान आणि गुडघे गेलेत. होड्या ओढलेल्यांचे खांदे वर होत नाहीत. त्यात घरोघरी साखर. साखर जुनी झाली की पायाच्या नसा खराब होतात. मग पायाला मुंग्या, आग, मध्येच करंट लागल्यासारखं. दिवसा माणूस बरा दिसतो, रात्री पायाला चादर लागली तरी सहन होत नाही. माझ्या आईचं हेच आहे. वय चौऱ्याहत्तर. पाहुणे म्हणतात, "चांगल्या दिसतायत की!" दुखणं दिसत नाही ना, म्हणून.

नसेचं दुखणं हे मार लागल्याचं दुखणं नाही. तिथे नसच बिघडलेली असते. साखरेने, मणक्यात दबल्याने किंवा नागीण होऊन गेल्यावर. नेहमीच्या पेनकिलरचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. त्याला वेगळी औषधं आहेत: अ‍ॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन. ती लहान डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवायची असतात, गुण यायला काही आठवडे लागतात. म्हाताऱ्या माणसाला त्यांनी चक्कर येऊ शकते, गुंगी येते, रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडायची भीती असते. म्हणजे काय, तर महिन्याच्या महिन्याला बघणारा, विचारणारा, डोस कमी-जास्त करणारा डॉक्टर लागतो. ऑपरेशन नको, खाट नको. ओपीडी हवी.

आणि आपल्याकडे काय मिळतं? इंजेक्शन. सुई टोचली, दोन दिवस बरं वाटलं, परत सुई. डायक्लोफिनॅकसारखी औषधं बीपी आणि साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला वारंवार दिली तर किडनीला आणि पोटाला त्रास होऊ शकतो. स्टेरॉइड दिलं तर साखर वर जाते, म्हणजे ज्या साखरेने नस बिघडवली तिलाच खतपाणी. एका सरकारी दवाखान्यात आईला सांगितलं गेलं, "आजी, वय झालं, आता असंच चालायचं." नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका डॉक्टरचा नाहीये. समोर शंभर पेशंटची रांग असली की कोण ऐकणार पायाला मुंग्या कधीपासून येतात ते?

आता कोणी म्हणेल, सरकार एवढ्या योजना देतंय. बघू या. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं संरक्षण आहे. उत्तम. पण ते मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी. महात्मा फुले योजनेचंही तेच, यादीतले उपचार आणि शस्त्रक्रिया. आईचा गुडघा बदलायचा असेल तर कार्ड काढा. रोज रात्री पायाची आग होते म्हणून कोणी दाखल करून घेत नाही. २०२४ लाच मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ज्यांचं उत्पन्न मर्यादेत बसतं त्यांना चष्मा, काठी, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा यांसाठी ३००० रुपये. एकदाच. पट्टा कोणी बांधायचा, किती वेळ, त्याबरोबर व्यायाम कुठला, हे सांगणारा फिजिओथेरपिस्ट मात्र त्या ३००० मध्ये येत नाही. आणि वाढदिवसाच्या बॅनरखालची मोफत शिबिरं तर विचारूच नका. दहा गोळ्यांची पट्टी, एक फोटो, पुढच्या वर्षी भेटू.

मग राहतं काय, तर "मुंबईला न्या." सांगणाऱ्याने एकदा मणक्याच्या पेशंटला वडखळच्या रस्त्याने नेऊन बघावं. २०११ पासून महामार्गाचं काम चाललंय, त्यावरून मुरूड-श्रीवर्धनचा म्हातारा माणूस नेऊन बघावा. पावसात मांडवा-गेटवेच्या लाँच बंद. अटल सेतू झाला, पण त्याला गाडी हवी आणि टोलही. मुलाची दिवसाची मजुरी किंवा रजा जाते ती वेगळी. आणि हे दर महिन्याला करायचं!

आता त्या कायद्याकडे परत येऊ. त्याच २००७ च्या कायद्यात कलम २० आहे. भाषणात ते कधी ऐकलंय? त्यात जबाबदारी राज्य सरकारवर टाकलीय. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तेवढ्या खाटा, त्यांची वेगळी रांग, जुनाट आणि झिजेच्या आजारांच्या उपचारांची सोय वाढवणं, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली स्वतंत्र सोय. शिवाय केंद्राचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय: प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर दोनदा, तिथे फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट, जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष.

म्हणजे नवीन काही मागायचं नाहीये. कागदावर सगळं आहे. मुलाने कलम मोडलं तर तुरुंग आणि सरकारने मोडलं तर काहीच नाही, हा कुठला न्याय?

मुलांनी काही करायचं नाही असं मी म्हणत नाहीये. घरात करण्यासारखं खूप आहे. "दुखतंय" एवढंच डॉक्टरला सांगू नका. आग आहे, मुंग्या आहेत की ठणका, कधी वाढतं, झोप किती लागते, हे वहीत लिहून न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. साखरेसाठी मेटफॉर्मिन खूप वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायचं का ते विचारा, ते कमी झालं तरी नसा बिघडतात. पाय बधिर असतील तर गरम पाण्याचा शेक देऊ नका, भाजलेलं कळत नाही. तळवे रोज बघा, अनवाणी फिरू देऊ नका, अंगणातसुद्धा. नसेच्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "नाटक करते" असं म्हणू नका. निम्मं दुखणं त्या वाक्याने वाढतं.

हे सगळं घर करेल. पण डोस घर ठरवू शकत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस फक्त जुनाट दुखण्याची ओपीडी ठेवा, भूलतज्ज्ञ, मेडिसिन आणि हाडांचे डॉक्टर एकत्र बसतील अशी. दोन, प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या वारी बसू द्या. तीन, नसेच्या दुखण्याच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला मिळू द्या. राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, मग गोळीसाठी "बाहेरून घ्या" अशी चिठ्ठी का? चार, साखरेच्या प्रत्येक पेशंटचे पाय वर्षातून एकदा तरी तपासा. त्याला मशीन लागत नाही, बारीक नायलॉनचा तंतू आणि पाच मिनिटं लागतात.

आपण काय करायचं? माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज. दोनच प्रश्न: आमच्या आरोग्य केंद्रात ज्येष्ठांची ओपीडी कुठल्या वारी असते, आणि गेल्या वर्षभरात ती किती वेळा झाली? पुढच्या ग्रामसभेत हाच विषय घ्या, रुग्ण कल्याण समितीत कोण आहे ते शोधून त्यांना विचारा. मी माझा अर्ज या सोमवारी टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकेन, जसंच्या तसं.

आणि तुमच्या गावच्या केंद्रात असा वार ठरलेला असेल, नीट चालत असेल, तर गाव आणि वार खाली लिहा. जवळच्यांना उपयोग होईल. नसेल तर तेही लिहा. तालुकावार यादी करून जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना नेऊन देऊ.